धावणारा उंदीर खरंच हुशार होतो का? चाक, पाण्याची टाकी आणि स्मरणशक्ती

चाकोरी

'व्यायामाने स्मरणशक्ती वाढते' अशी बातमी अधूनमधून येतच असते. उघडून वाचली की तिसऱ्या परिच्छेदात कळतं, व्यायाम उंदरांनी केलाय. खाली प्रतिसादांत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "बघा, मी सांगतच होतो, रोज चालायला जा." दुसरा म्हणतो, "उंदरांचं माणसांना काय सांगता!" मी प्रयोगशाळेत उंदरांच्या वर्तनाच्या चाचण्या घेते, आणि मला नवल याचं वाटतं की दोन्ही तटांना एक साधा प्रश्न पडत नाही: उंदराला आठवलं, हे ठरवलं कोणी आणि कसं?

उंदीर काही सांगत नाही. तो हलतो किंवा हलत नाही, एवढंच आपल्याला दिसतं. त्यामुळे उंदरांच्या स्मरणशक्तीची कुठलीही चाचणी मुळात हालचालीची असते आणि त्या हालचालीवरून आपण आठवणीचा अंदाज बांधतो. आता महिनाभर चाकावर धावलेल्या उंदराची हालचालच बदलली असेल, तर या अंदाजाचं काय करायचं? धागा त्यासाठी काढलाय.

सगळ्यांत प्रसिद्ध चाचणी पाण्याच्या टाकीची. रिचर्ड मॉरिस यांनी ती १९८१ साली रॅटसाठी, म्हणजे उंदराच्या मोठ्या भाईबंदासाठी मांडली, उंदरांसाठी नंतर वापरात आली. साधारण १२० सेंटीमीटर व्यासाची गोल टाकी, पाण्यात बिनविषारी पांढरा रंग कालवलेला. एका जागी पृष्ठभागाखाली सेंटीमीटरभर एक छोटा चौथरा, पोहणाऱ्याला न दिसणारा. आजूबाजूच्या भिंतींवर ठळक चित्रं: पट्टे, त्रिकोण, काळा चौकोन. उंदराला भिंतीकडे तोंड करून पाण्यात सोडायचं, दर फेरीला वेगळ्या बाजूने. चौथरा मात्र जागचा हलवायचा नाही. पहिल्या दिवशी गडी नुसता कडेकडेने घिरट्या घालतो. ६० सेकंदांत चौथरा सापडला नाही तर आपण त्याला तिथे नेऊन बसवतो. तिथे तो मिशा साफ करतो, मान वळवून इकडेतिकडे बघतो, आणि बहुधा याच वेळात जागा शिकतो. चार-पाच दिवसांत बरेच उंदीर जवळजवळ सरळ रेषेत पोचायला लागतात.

खरी परीक्षा शेवटी. चौथरा काढून घ्यायचा, उंदराला ६० सेकंद पोहू द्यायचं आणि तो कुठे शोधतोय ते बघायचं. टाकीचे चार भाग कल्पिले तर निव्वळ योगायोगाने प्रत्येक भागात १५ सेकंद जातील. चौथरा होता त्या भागात तो त्याहून बराच जास्त वेळ घुटमळला, तर जागा लक्षात आहे असं म्हणायचं.

जुई_स

मस्त धागा, वाचतेय. ताई, पण यात एक गोची नाही का? धावून धावून ताकद आलेला उंदीर पोहेलही जोरात. तो चौथऱ्यावर लवकर पोचला तर ती स्मरणशक्ती की नुसते पाय?

तिरकस_आजोबा

जुईने वर्मावर बोट ठेवलंय. आता उत्तर द्या.

चाकोरी

जुई, नेमकं हेच. म्हणून नुसत्या सेकंदांवर विसंबायचं नसतं. वर कॅमेरा असतो, तो पोहण्याचा सगळा मार्ग टिपतो. मार्गाची लांबी बघायची आणि वेग वेगळा काढायचा. जोरात पोहणारा विसरभोळा उंदीर वेळ वाचवेल, पण रस्ता लांबचाच घेईल. ज्याला जागा आठवते तो सावकाश गेला तरी त्याचा रस्ता आखूड असतो. धावण्यावरच्या एखाद्या अभ्यासात फक्त 'किती सेकंद लागले' एवढाच आलेख असेल, तर मी पुढे जरा सावध होऊनच वाचते.

दुसरी गंमत तरंगण्याची. रॅट पट्टीचा पोहणारा. उंदराला पाणी तितकंसं मानवत नाही, काही उंदीर थोडं पोहून हातपाय आखडून घेतात आणि ओंडक्यासारखे तरंगत बसतात. संगणक त्याची नोंद करतो: '६० सेकंद, चौथरा सापडला नाही.' यात विसरण्याचा काय संबंध? त्याने शोधलाच नाही.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. प्रयोगशाळेतले उंदीर वेगवेगळ्या वंशांचे असतात, पिढ्यान् पिढ्या आपापसांत वाढवलेले. सी३एच आणि एफव्हीबी या वंशांत डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक ऱ्हास असतो आणि मोठे होईपर्यंत ते जवळपास आंधळे होतात. भिंतीवर कितीही ठळक पट्टे लावा, त्यांना काय त्याचं! सगळीकडे वापरला जाणारा काळा वंश, सी५७ ब्लॅक ६, डोळ्यांनी बरा, पण वय वाढतं तसा त्याचा कान जातो. म्हणजे म्हाताऱ्या उंदराला आवाजाची खूण देऊन शिकवत असाल तर तिथेही खड्डा आहेच. म्हणून एक फेरी चौथरा पाण्यावर काढून, त्याला झेंडा लावून घेतात. दिसणाऱ्या चौथऱ्यापर्यंतही जो पोचत नाही, त्याच्या स्मरणशक्तीबद्दल बोलायचंच नाही.

तिरकस_आजोबा

मग पाण्यात ढकलायचंच कशाला? कोरड्या जमिनीवर परीक्षा घ्या की.

चाकोरी

आजोबा, तीही आहे. कॅरल बार्न्स यांनी १९७९ मध्ये गोल फळीची चाचणी केली. कडेला भोकं, आणि त्यांतल्या एकाखाली अंधारी पेटी. उघड्यावर, लख्ख उजेडात उंदराला अस्वस्थ वाटतं, म्हणून तो लपायची जागा शोधतो. पण एखाद्याला उघड्यावर फिरण्याची भीतीच वाटली नाही, तर तो आरामात फळी हुंगत बसतो, पेटी माहीत असूनही.

मग नव्या वस्तूची चाचणी. दोन सारख्या वस्तू हुंगू द्यायच्या, काही वेळाने एक बदलायची. जुनी आठवत असेल तर तो नवीकडे जास्त वेळ जातो. यात ना पाणी, ना शिक्षा. तोटा हा की फरक सेकंदांचा असतो, आणि एखादी वस्तू मुळातच जास्त आवडीची निघाली की सगळं गणित फसतं.

आणि भीतीची चाचणी. एका पिंजऱ्यात पायाला हलका विजेचा झटका, दुसऱ्या दिवशी त्याच पिंजऱ्यात ठेवून तो किती वेळ थिजून राहतो ते मोजायचं. जो मुळातच चुळबुळ्या आहे तो कमी थिजतो, आणि कागदावर विसराळू दिसतो.

म्हणून एका चाचणीवर निकाल देऊ नये. निरनिराळ्या कारणांनी फसणाऱ्या दोन-तीन चाचण्या एकच गोष्ट सांगत असतील, तर जीव भांड्यात पडतो.

रात्रपाळी

मी प्राणीगृहात काम करतो, पेपर वगैरे वाचत नाही फारसं. पण चाकाबद्दल बोलू शकतो.

उंदीर रात्रीचा प्राणी. दिवे गेले की पाच-दहा मिनिटांत पहिलं चाक सुरू होतं, मग दुसरं, आणि थोड्या वेळात अख्खी खोली घरघरते. चाकाला एक छोटं लोहचुंबक असतं, प्रत्येक फेऱ्याला मोजयंत्राचा आकडा एकने पुढे सरकतो. १२.७ सेंटीमीटर व्यासाच्या चाकाचा घेर साधारण ४० सेंटीमीटर. रात्रीत १५,००० फेरे झाले म्हणजे ६ किलोमीटर. हा काही विक्रम नाही, ब्लॅक ६ मधले धट्टेकट्टे सहज तेवढं पळतात. २०-२५ ग्रॅमचा जीव! कोणी हाकलत नाही, खाऊ देत नाही, तरी पळतात.

आणि मग सकाळी दहाला संशोधक येतात, त्या दमून झोपलेल्या उंदराला उठवून टाकीत सोडतात. काही खोल्यांत दिवे उलट्या वेळेला लावतात, म्हणजे आपल्या दिवसा त्यांची रात्र. ते मला बरं वाटतं.

मांजरप्रेमी

म्हणजे पिंजऱ्यात कोंडलेला प्राणी वेड्यासारखा गोल गोल फिरतोय आणि आपण त्याला 'व्यायाम' म्हणतोय. प्राणिसंग्रहालयातला वाघ येरझाऱ्या घालतो तसंच की हे.

चाकोरी

हा आक्षेप संशोधकांतही जुना आहे. त्याचं झकास उत्तर २०१४ मध्ये आलं. नेदरलँड्समधल्या योहाना मायर आणि युरी रॉबर्स यांनी चाकं थेट उघड्यावर, मोकळ्या निसर्गात ठेवली आणि वर कॅमेरे लावले. रानातले उंदीर आपणहून आले, धावले आणि निघून गेले. जवळ ठेवलेलं खाणं काढून घेतल्यावरही चाकावर येणं थांबलं नाही. बेडूक आणि गोगलगायीही चाकावर चढलेल्या दिसल्या, तो भाग सोडून देऊ. म्हणजे निदान उंदरांचं धावणं हा फक्त कैदेचा विकार नाही. पिंजरा त्यात भर घालत नसेल असं मात्र मी म्हणणार नाही.

याउलट ट्रेडमिल. तिथे पट्टा फिरतो आणि मागे रेंगाळणाऱ्याला बहुतेक ठिकाणी सौम्य झटका बसतो. अंतर आणि वेग आपल्या हातात राहतात, हा फायदा. पण मग जो फरक दिसतो तो धावण्याचा की धास्तीचा? चाकावर उलटं: ताण नाही, पण किती धावायचं हे उंदीर ठरवतो. 'व्यायाम केला' या दोन शब्दांआड हे दोन अगदी वेगळे प्रयोग असतात, आणि बातमीत ते कधीच सांगत नाहीत.

धावपटू_नवा

सगळं ठीक, पण शेवटी निकाल काय? धावल्याने मेंदूत नव्या पेशी येतात ना? मी तेच वाचून पळायला लागलोय. :)

चाकोरी

येतात, उंदरात. हा भाग थोडा सविस्तर सांगते, कारण गोष्ट चांगली आहे.

१९९७ मध्ये गेर्ड केंपरमन, जॉर्ज कून आणि फ्रेड गेज यांनी दाखवलं की मोठ्या पिंजऱ्यात, खेळणी, बोगदे आणि सोबती यांच्यात राहिलेल्या प्रौढ उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणींशी निगडित भागात, जास्त चेतापेशी आढळतात. पण त्या पिंजऱ्यात सगळंच होतं, चाकसुद्धा. मग श्रेय कशाला द्यायचं? १९९९ मध्ये हेन्रिएट व्हान प्राग, केंपरमन आणि गेज यांनी गट सुटे केले. एक गट टाकीत शिकणारा, एक तेवढाच वेळ नुसता पोहणारा, एक खेळण्यांच्या पिंजऱ्यातला, एक चाकावर धावणारा आणि एक साध्या पिंजऱ्यातला. टिकून राहिलेल्या नव्या पेशी धावणाऱ्यांत दुप्पट झाल्या, जवळपास खेळण्यांवाल्या गटाइतक्याच. टाकीत शिकण्याने किंवा पोहण्याने काही फरक पडला नाही. त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासात त्यांनी दाखवलं की धावणारे उंदीर टाकीतही चांगले शिकतात. २०११ मध्ये खेळणी आणि चाक पूर्ण वेगळं करून पाहिलं, तेव्हा नुसत्या खेळण्यांनी पेशी वाढल्या नाहीत. चाक असेल तरच वाढल्या.

मला सगळ्यांत आवडतो तो २००५ चा अभ्यास. उंदीर १९ महिन्यांचे, म्हणजे चांगलेच वयस्क, कारण त्यांचं आयुष्यच दोन-अडीच वर्षांचं. आयुष्यभर चाक न पाहिलेल्यांना महिनाभर चाक दिलं. टाकीत ते आपल्या बैठ्या समवयस्कांपेक्षा लवकर शिकले, आणि नव्या पेशींची वयोमानाने झालेली घट भरून तरुण उंदरांच्या ५० टक्क्यांपर्यंत आली.

आता तुमचा उत्साह जरा कमी करते. २०१४ मध्ये शीना जॉसलिन आणि पॉल फ्रँकलंड यांच्या गटाने क्रम उलटा केला. आधी उंदरांना भीतीची आठवण दिली, मग काही आठवडे चाक. धावणारे उंदीर ती आठवण *जास्त* विसरले! त्यांचं म्हणणं असं की नव्या पेशी जुन्या जोडण्यांमध्ये घुसतात आणि तिथली मांडणी बदलून जाते.

गणिती

थांबा, तुमच्याच नियमाने बघू. धावणारा उंदीर चुळबुळ्या असेल, म्हणून कमी थिजला असेल. विसरला कशावरून?

चाकोरी

वाह, हेच हवं होतं. :) ही शंका त्यांनाही होती. चाक न देता, औषधाने नव्या पेशी वाढवल्या, तेव्हाही उंदीर विसरले. उलट उंदरांच्या पिल्लांत, जिथे नव्या पेशी मुबलक बनतात आणि आठवणी टिकत नाहीत, तिथे पेशींची निर्मिती कमी केल्यावर आठवण जास्त टिकली. गिनीपिगची पिल्लं जन्मतःच बरीच तयार असतात, नव्या पेशी कमी, आणि ती तितकी विसरतही नाहीत. थिजणं ही एकच मोजणी असती तर मी खांदे उडवले असते. इथे तीन बाजूंनी आल्यावर नाकारणं कठीण आहे.

गणिती

पटलं. माझा मुद्दा वेगळा. 'प्रत्येक गटात १२ उंदीर' असं लिहिलेलं असतं, पण ते तीन पिंजऱ्यांत चार-चार असतील, आणि चाक पिंजऱ्याला एकच असेल, तर कोण किती धावलं कसं कळणार? एक उंदीर चाक अडवून बसला आणि बाकीचे पेंगले, तरी चौघांच्या नावावर तेच किलोमीटर. शिवाय एकाच पिंजऱ्यातले, एकाच आईचे उंदीर म्हणजे बारा स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. मी तर तिथे तीनच मोजेन.

रात्रपाळी

अगदी खरं. चाक अडवणारा एक दादा असतोच. म्हणून काही जण एकेकाला वेगळं ठेवतात. पण एकटा उंदीर वेगळाच वागतो हो. घरटं करून कोपऱ्यात पडून राहतो, किंवा पकडताना जास्त उड्या मारतो.

चाकोरी

हो, ही कात्री आहे. एकत्र ठेवा तर अंतर कळत नाही, वेगळं ठेवा तर एकटेपणाचा ताण आलाच. एलिझाबेथ गूल्ड यांच्या गटाने २००६ मध्ये रॅटवर दाखवलं की एकटं ठेवलेल्यांत धावण्याचा नव्या पेशींवरचा चांगला परिणाम उशिरा दिसतो. आता त्वचेखाली बारीक चिप बसवून 'चाकावर कोण चढलं' हे ओळखणारे पिंजरे निघालेत. परवडतील त्यांनी जरूर वापरावेत.

गणिती, तुमच्यासाठी अजून एक. १९९९ मध्ये जॉन क्रॅब, डग्लस वॉलस्टेन आणि ब्रूस डुडेक यांनी तीन शहरांतल्या तीन प्रयोगशाळांत तेच आठ वंश, तशीच उपकरणं, तीच कार्यपद्धती आणि तीच वेळ ठेवून चाचण्या घेतल्या. तरी काही चाचण्यांत निकाल प्रयोगशाळेप्रमाणे बदलले! २०१४ मध्ये तर असं निघालं की खोलीत पुरुष असला, किंवा नुसता त्याने घातलेला शर्ट ठेवला, तरी उंदरांना ताण येतो आणि वेदनेची प्रतिक्रिया दबते.

रात्रपाळी

तरीच! :)

तिरकस_आजोबा

मग या डोलाऱ्यावर विश्वास ठेवायचा कशासाठी?

चाकोरी

आजोबा, डोलारा नाही हो, वेगवेगळ्या गटांनी धावण्याचा परिणाम पुन्हा पुन्हा पाहिलाय. एखाद्या अभ्यासातला आकडा डळमळीत असू शकतो, दिशा तेवढी नाही. २०२० मध्ये सॉल व्हिलेडा यांच्या गटाने धावलेल्या उंदरांचा रक्तद्रव म्हाताऱ्या, न धावलेल्या उंदरांना दिला, तर त्यांच्यातही सुधारणा दिसली. यकृतातून येणारं एक विकर (एन्झाइम) त्यामागे असल्याचं त्यांनी दाखवलं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो तो वेगळ्याच कारणाने: ज्याची परीक्षा घेतली तो उंदीर स्वतः धावलेलाच नव्हता. जुईचा 'नुसते पाय' हा संशय तिथे आपोआप गळून पडतो.

धावपटू, माणसांबद्दल: २०११ मध्ये १२० वयस्कांवर वर्षभराचा अभ्यास झाला. नियमित चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला, अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा घटला. पण माणसाच्या प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी बनतात की नाही यावरच २०१८ मध्ये दोन गटांनी परस्परविरोधी निष्कर्ष छापले. तेव्हा पळा जरूर, 'नव्या पेशी' म्हणून मात्र पळू नका.

मांजरप्रेमी

इतके दोष तुम्हीच सांगताय, मग एवढे जीव कशाला खर्ची घालायचे?

चाकोरी

प्रश्न रास्त आहे, आणि मला त्याचं सोपं उत्तर देता येत नाही. रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी तीन गोष्टी सांगितल्या: पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. मेंदूतल्या पेशी, रक्त आणि वर्तन एकाच जिवात बघायचं असेल तर आज पर्याय तोकडे पडतात. पण उरलेल्या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. इथे एक बोचरी गोष्ट सांगते: वाईट आखलेला प्रयोग छोटा असला तरी त्यातले सगळे प्राणी वाया जातात. दोन उंदीर जास्त घेऊन खात्रीलायक उत्तर येणार असेल, तर मी दोन जास्त घेईन. तुम्हाला हे पटणार नाही, कल्पना आहे.

त्रासाबद्दल: जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं की शेपटीला धरून उचलण्याऐवजी ओंजळीत किंवा नळीतून उचललं तर उंदीर कमी घाबरतात. फुकटातला उपाय. तरी अजून शेपटीला धरणारे हात भरपूर आहेत.

मांजरप्रेमी

नाही पटलं, पण सरळ उत्तराबद्दल आभार.

जुई_स

ताई, मला सुट्टीत एका प्रयोगशाळेत अशाच प्रकल्पावर काम मिळतंय, चाक आणि टाकी दोन्ही. जाण्याआधी काय लक्षात ठेवू?

चाकोरी

अरे वा, अभिनंदन! चाक नसलेल्या गटालाही चाक दे, फक्त अडकवून ठेवलेलं. नाहीतर एका गटाला चढायला वस्तू मिळते, दुसऱ्याला नाही. टाकीआधी काही दिवस उंदरांना तुझ्या हाताची सवय होऊ दे. दिसणाऱ्या चौथऱ्याची फेरी कोणी "वेळ नाही" म्हणून गाळायला सांगितली तर गोड बोलून हट्ट धर. फेरी झाल्यावर उंदराला पुसून उबेत ठेव, गारठलेला उंदीर पुढच्या फेरीत पोहत नाही. आणि कुठला उंदीर कुठल्या गटातला हे मोजणाऱ्याला कळता कामा नये, पिंजऱ्यावरची चिठ्ठी झाकून टाक.

रात्रपाळी

माझंही एक. दर आठवड्याला रिकामं चाक बोटाने फिरवून बघ. भुसा अडकून एखादं जड झालेलं असतं. आतला उंदीर चांगला असतो, पण वहीत 'कमी धावणारा' म्हणून जातो.

गणिती

आणि कुठला पिंजरा, कुठलं चाक, तेही वहीत लिही. नंतर विचारलं की कोणालाच आठवत नाही.